सत्त्याऐंशी

एल आल्तोत, शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर
प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल, एक स्टोव्ह
आणि चौतीस पोरांत मिळून एक थर्मामीटर.
तो मी लोकरीच्या मोज्यात गुंडाळून घरून आणते.
फुटक्या काचेला पुठ्ठा लावलाय,
पुठ्ठ्याच्या कडेने बर्फाचा डोंगर आत डोकावतो.

पाणी उकळतं.
झाकण बडबडायला लागतं.
"लिहा," मी म्हणते, "दिसतं ते लिहा."
चौतीस माना खाली.
चौतीस वह्यांत शंभर.

पारा सत्त्याऐंशीवर उभा आहे,
घाटात बंद पडलेल्या ट्रकसारखा.
त्याच्याकडे कुणी बघतच नाही.
"पुस्तकात शंभर आहे ना, प्रोफे.
परीक्षेतही शंभरच येतं."

ग्रोवेर पुढे येतो. ताप बघताना झटकतात
तसा थर्मामीटर झटकतो,
पुन्हा बुडवतो, पुन्हा तेच.
"बिघडलाय," तो निकाल देतो.
वर्ग हुश्श करतो.
खोट यंत्रात निघाली की सगळ्यांनाच बरं वाटतं.

अकरा वर्षं आम्हीच सांगत आलो,
फळ्यावर आहे ते उतरवा, मध्ये बोलू नका.
आणि आज, एका तासात, मला हवंय
की यांनी आमच्यावर विश्वास ठेवू नये.

एक गोष्ट मी वर्गात सांगत नाही.
नोकरीचं पहिलं वर्ष.
मी सांता क्रुसच्या सपाटीवर शिकून आलेली,
तिथे पाणी जवळजवळ पुस्तकाबरहुकूम उकळतं.
लिम्बेर काताकोरा नावाच्या मुलाने लिहिलं होतं
सत्त्याऐंशी.
मी लाल पेनाने खोडलं,
वर शंभर लिहून खाली दोन रेघा मारल्या.
त्याच आठवड्यात माझे बटाटे
तासभर उकळूनही आत कच्चेच राहिले.
मी गॅसवाल्याला शिव्या दिल्या.

लिम्बेरने हुज्जत घातली नाही.
घालायला हवी होती.
पुढच्या प्रयोगाला तो खिडकीतून बाहेर बघत बसला,
त्याच्या पुढच्याही.

"प्रोफे..."
मागच्या बाकावरून, हात वर न करता, योसेलिन.
तिची आई ला सेहाच्या चौकात उकडलेले बटाटे विकते,
पहाटे तीनला चूल पेटवते.
"खाली युंगासला मावशीकडे
बटाटे अर्ध्या वेळात होतात.
आई म्हणते, तिथलं पाणी तापट आहे."

वर्ग खो खो हसतो.
मी स्टोव्ह बारीक करत नाही.
"मग इथलं?" मी विचारते.

आता गप्प राहणं एवढंच माझं काम.
उत्तर माझ्या तोंडात आहे, गरम बटाट्यासारखं,
गिळवत नाही, थुंकवत नाही.
दोन शब्द टाकले असते की
सगळ्यांनी लगेच उतरवून घेतले असते,
तारखेसकट.

भांड्यातलं पाणी अर्ध्यावर येतं.
ग्रोवेर झाकण उचलून आत बघतो,
मग वर, छताकडे,
जणू तिथून काहीतरी कमी झालंय.
"इथलं..." तो म्हणतो,
आणि घंटा होते.

वह्या तपासते. तेहतीस शंभर.
योसेलिनच्याही वहीत शंभर, निळ्या शाईत.
शेजारी पेन्सिलने, सहज पुसता येईल इतकं फिकट,
सत्त्याऐंशी.
आणि खाली: परीक्षेत कुठलं लिहू?
लाल पेन मी तसंच धरून बसते.
याचं खरं उत्तर
मलाही कुणी शिकवलेलं नाही.

लिम्बेर आता युंगासला ट्रक नेतो म्हणे.
उताराला लागल्यावर त्याच्या केबिनमध्ये
बूच घट्ट लावलेल्या रिकाम्या बाटल्या
कुणी हात न लावता चेपत असतील,
टर्रकन, एकामागून एक.
तो वळून बघतो का,
मला माहीत नाही.